भरतीत घेतलेला कौल

उजव्या हाताचा तळवा रस्त्यात रिक्षा थांबवावी तसा पुढे करायचा, मान वळवून दोन इमारतींच्या फटीतून पश्चिमेकडे बघायचं आणि म्हणायचं, "सुकतीला बघू."

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दादूसचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. पाण्याची टाकी कधी धुवायची, गणपती कुठल्या विंगखाली बसवायचा, लिफ्टवाल्याला हो म्हणायचं की नाही, काहीही विचारा. तळवा वर, मान पश्चिमेला. नातीच्या बारशाला नाव ठेवायची वेळ आली, आत्याने पाळण्यात डोकं घातलं आणि आजोबांनी तळवा वर केला. मग काय, सगळी माणसं जेवून घेऊन बसली, बाळ झोपून उठलं, आणि दुपार कलल्यावर त्याला नाव मिळालं.

त्यांना सगळे दादूस म्हणत. इकडे पनवेल-उरणला थोरल्या भावाला दादूस म्हणतात, आणि ते वयाने, आवाजाने आणि गळ्यातल्या साखळीने सगळ्यांचेच थोरले भाऊ होते. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा घमघमाट, हसले की पार्किंगमधली कबुतरं उडायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील आणि पाहिल्या पाहिल्या त्यांच्याबद्दल मत करून टाकलं असेल. मीही केलं होतं. ते दोन पावसाळेसुद्धा टिकलं नाही.

मी मूळची कराडकडची. आमच्याकडे नदी आहे आणि ती शहाण्या माणसासारखी एकाच दिशेला वाहते. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं हे मला फक्त शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होतं. आधी सुकापूरला भाड्याने राहिले, मग खाडीच्या बाजूला झालेल्या या नव्या कॉम्प्लेक्समध्ये घर घेतलं. पोटापाण्यासाठी मी इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागांचे आराखडे काढते. पावसाचं पाणी मुरायला, थोडं साचायला मी त्यात जागा ठेवते. बिल्डर ती खोडून तिथे फरशी आणि पाम घालतात. पुढच्या आराखड्यात मी ती परत घुसवते. असा आमचा संसार वर्षानुवर्षं चाललेला आहे.

आमच्या कॉम्प्लेक्सखाली पूर्वी खारजमीन होती. म्हणजे खाडीच्या कडेची भातशेती. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या पोटात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. शेतात साचलेलं पावसाचं पाणी सुकतीत, म्हणजे ओहोटी लागली की, त्या दारातून खाडीत सोडायचं, आणि पाणी उलटं चढायला लागायच्या आत फळ्या पाडून दार बंद करायचं. एकदा जरी भरतीत दार उघडं राहिलं तर खार आत येते आणि पुढे कैक वर्षं तिथे भाताची काडी उभी राहत नाही. ही उघाडी राखायचं काम दादूसच्या घराकडे होतं. त्यांच्या बापाचा नियम होता: दार आणि तोंड, दोन्ही सुकतीतच उघडायचं.

"म्हणजे भरतीत बोलायचंच नाही?" मी एकदा विचारलं.

"बोलाचं की! गप्पा हाना, भांडा, गानी म्हना. शब्द द्यायचा नाय. हो बोलाचं नाय आनि नाय बी बोलाचं नाय."

आता, भूमिपुत्राची जमीन गेली म्हणून हळहळायची तयारी तुम्ही केली असेल, तर जरा थांबा. जमीन दादूसनी राजीखुशीने दिली होती, आणि ती बुजवायचं कामही स्वतःच घेतलं होतं. डोंगर फोडून आणलेला मुरूम त्यांच्याच डंपरनी इथे ओतला. बांध, उघाडी, शेतं, कडेची खारफुटी, सगळं त्याखाली गेलं. याची त्यांना लाज तर सोडाच, केवढा अभिमान होता! मी राहायला आले त्या दिवशी ते पेढे घेऊन वर आले आणि माझ्या दिवाणखान्यात पाय आपटून म्हणाले, "खाली माझा मुरूम हाय, बाय. घट्ट बसलाय. नाच कवा पन."

पण हाच माणूस तळमजल्याच्या भिंतीजवळ गेला की बदलायचा. आमच्या तळमजल्यावरच्या भिंतींना गुडघ्याएवढ्या उंचीवर बुरशीसारखं पांढरं काहीतरी धरतं. दर दिवाळीला रंग द्यायचा, दर होळीला पापुद्रे सुटायचे. दादूस त्या पापुद्र्यावर बोट फिरवायचे, बोट जिभेला लावायचे आणि तिथून निघायचे. मी एकदा धीर करून तसंच केलं. खारट. साधं मिठासारखं खारट.

एका पावसाळ्यात लिफ्टमध्ये खेकडा निघाला. चौथ्या मजल्यावरच्या नागपूरच्या बाई किंचाळत बाहेर पडल्या, वॉचमन काठी घेऊन धावला. दादूसनी त्याला बाजूला सारलं, खेकडा मागून अलगद उचलला आणि त्याला दम भरला, "कुठं चालला वर? माझी रूम वर हाय, तरी मी चढून जातो." सगळे हसले. खेकड्याला ते मागच्या खड्ड्यात सोडून आले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "वाट शोधतंय बिचारं," एवढंच म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती. उघाडीजवळ बांधावर एक शेंदूर लावलेला दगड होता. बापदेव, बांधाची राखण करणारा. भराव घालताना तो दगड हलवून कॉम्प्लेक्सच्या गेटापाशी आणला होता आणि त्याला छान संगमरवरी देऊळ बांधलं होतं, वर रंगीत दिव्यांची माळ. येणारा-जाणारा तिथे हात जोडायचा. दादूस मात्र देवळाकडे पाठ करून, सी विंगखालच्या पार्किंगकडे तोंड करून हात जोडत. आता, त्या दिशेला नेमकी आमच्या चेअरमनसाहेबांची गाडी लागायची. बँकेतून निवृत्त झालेले चेअरमनसाहेब स्वभावाने सरळ. हा माणूस आपल्याला मान देतोय असं समजून बिचारे कित्येक महिने गाडीत बसल्या बसल्या उलट नमस्कार करत राहिले. 

मीच एक दिवस विचारलं, "दादूस, देव इकडे आहे ना?"

"नुसता दगड तिकडं आलाय," ते म्हणाले.

सी विंगखाली, जिथे त्यांच्या हिशेबाने उघाडी होती, तिथे उभं राहायला त्यांना आवडत नसे आणि तिथे उभं राहिल्याशिवाय त्यांना चैनही पडत नसे. भर दुपारी, सगळं सामसूम असताना, ते खांबाला हात लावून उभे दिसायचे. मी जवळून गेले की बोट वर करायचे. "ऐकलंस? फळी पडली."

मला काही ऐकू यायचं नाही. मोटारीचं दार, वरच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर, एवढंच. पण ते ज्या पद्धतीने ऐकत त्याची मला भीती वाटायला लागली होती. झोपलेलं मूल रडलं का म्हणून आई ऐकते, तसं ते ऐकायचे. मग घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बराबर. भरती लागली. कोन पाडतंय पन? मी तर हितं हाय."

कॉम्प्लेक्सच्या मागे एक खड्डा होता. तोच, खेकड्याचा. उघाडीपुढच्या नाल्याचा तो उरलेला तुकडा. भराव घालता घालता दादूस तिथे येऊन थांबले होते, आणि का थांबले ते कुणाला माहीत नव्हतं. बिल्डरनेही पुढे नाद सोडला. त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचायचं, कडेला खारफुटीची चार झुडपं उगवली होती, बगळे यायचे, आणि हो, डासही व्हायचे. खड्ड्याचा खाडीशी काही संबंध उरलेला नाही असं सगळे धरून होते. रस्त्याखालून पूर्वी एक पाइप टाकलेला होता, तो कधीच बुजला असणार. मी काढलेल्या नकाशातही तो बुजलेलाच दाखवला होता.

आणि मग पार्किंगचा प्रश्न आला. प्रत्येक घरात दुसरी गाडी आली की हा प्रश्न येतोच. चेअरमनसाहेबांनी ठरवलं, खड्डा बुजवून वर फरशी घालायची, कडेने कुंड्या ठेवायच्या. कुंड्या माझ्यासाठी होत्या. "मॅडम, तुमचं ग्रीन पण होऊन जाईल," ते मनापासून म्हणाले.

मी हबकले. सगळ्या कॉम्प्लेक्सची जमीन फरशीने बंद केलेली. गच्च्यांचं, रस्त्यांचं पाणी उतारावरून जातं कुठे, तर त्या एका खड्ड्यात. जोराच्या पावसात, बाहेर उधाण असताना, गटारं खाडीत रिकामी होत नाहीत. तेवढे तास पाण्याला थांबायला जागा लागते, आणि आमच्याकडे ती एवढीच होती. ती गेली तर पाणी तळमजल्यावर येणार, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नाही. मी खड्ड्याचा छोटा तलाव करायचा आराखडा काढला. काठाला दगडी पायऱ्या, खारफुटी तशीच, डासांसाठी मासे.

दादूसना तो दाखवला. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि मग त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"यो ऱ्हानार?"

"तुम्ही सभेत बोललात तर राहील."

ते खरंच होतं. त्या तुकड्यावर कायद्याने त्यांचा हक्क काय उरला होता मला माहीत नाही, पण तो त्यांचा आहे आणि त्यांनी आपल्याला वापरायला दिलाय, असंच सगळ्या कॉम्प्लेक्सच्या मनात होतं. ते नको म्हणाले असते तर एकही हात वर झाला नसता. त्यांनी मला शब्द दिला. सुकतीत दिला, मी खात्री करून घेतली.

सभा रविवारी सकाळी ठेवली होती. सी विंगखाली खुर्च्या मांडल्या, माइक लावला. मी आराखडा घेऊन उभी राहिले, उतार दाखवले, पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. "पण मॅडम, डास?" "पण मॅडम, गाडी काय डोक्यावर ठेवू?" मी दादूसकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसलेले.

"दादूस, तुम्ही काही बोलणार आहात ना?" चेअरमनसाहेबांनी माइक त्यांच्यापुढे केला.

दादूसनी पश्चिमेकडे पाहिलं. पौर्णिमा तोंडावर आली होती, सकाळचं पाणी अजून चढतच होतं. मग माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी माणसाचा पाहिला नाही. त्यांनी तळवा वर केला आणि नुसतीच मान हलवली.

"दादूस, बोला ना!" मी जवळजवळ ओरडले.

कुणीतरी हसलं. चेअरमनसाहेब थोडा वेळ थांबले, अगदी माणुसकीने थांबले, आणि मग त्यांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. चहा-समोसे झाले. लोक पांगले.

मला इतका संताप आला होता की मी कागद गुंडाळत तिथेच उभी राहिले. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. दादूस बसलेलेच. बऱ्याच वेळाने, दुपार चढल्यावर, ते उठले. शर्ट नीट केला, समोरच्या रिकाम्या जागेला नमस्कार केला आणि बंद माइकसमोर उभे राहिले.

"मंडली," ते म्हणाले, "त्यो खड्डा बुजवाचा नाय. तुमच्या पाया पडतो. तेवढं एक अंगन त्याचं ऱ्हायलंय."

मंडपवाला हातात खुर्ची घेऊन थांबला. मी विचारलं, "कुणाचं अंगण?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. भराव घालायच्या आधी बापदेवाला विचारायला हवं होतं. त्यासाठी देवाचं बघणाऱ्या भगतासमोर कौल लावतात: ओल्या दगडावर फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. फूल उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही.

"बिल्डरचा मानूस घाईला आला व्हता, बाय. डंपर रांगंत उबे. भगत बोलला, जरा थांब, पानी चढतंय. मी बोललो, थांबाला येल नाय. लावला कौल. हात काढतो न काढतो तवर फूल पडलं. उजवीकडं."

"मग देवाने हो म्हटलं की."

"भरतीत त्याचं दार बंद असतं," दादूस म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मंग हो बोलला कोन?"

त्या लख्ख दुपारी माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या खांबाजवळ उभी होते आणि मला वाटलं, आपण इथून आत्ता निघावं.

"परत लावा ना कौल. सुकतीत लावा."

"दिलेला कौल परत मागत नाय. भगताला इचारलं मी. तो बोलला, तुला उत्तर पायजे व्हतं, गावलं, आता खा." ते हसले, आणि ते हसणं मला सहन झालं नाही. "म्हनून तेवढा तुकडा सोडला. त्याला परत यायचं झालं तर यायला जागा."

त्याच दुपारी ते चेअरमनसाहेबांकडे गेले. मीही गेले. चेअरमनसाहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ते खरोखर कळवळले होते. पण म्हणाले, "दादूस, ठराव झाला. सभेत बोललेलंच धरता येतं. बाहेर बोललेलं मी कसं धरू?" नियमाची दोन माणसं समोरासमोर बसली होती. दोघांचेही नियम बापाकडून किंवा साहेबाकडून आलेले, दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. मला दोघांचीही मानगूट धरून हलवावंसं वाटत होतं.

भरावाचं काम दादूसच्या पुतण्यालाच मिळालं. डंपर आता तो चालवायचा. पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत "दादूसची कृपा" लिहिलेलं. एका सकाळी त्याचा एक डंपर मागच्या गेटातून आत आला आणि पहिली खेप खड्ड्यात उलटली. मुरूम पाण्यात पडल्याचा आवाज आमच्या विंगपर्यंत आला. मी खिडकीतून पाहिलं तर दादूस बनियनवरच जिना उतरून धावत होते. मीही धावले.

दुसरा डंपर पुतण्या स्वतः मागे घेत होता आणि दादूस डंपरच्या आणि खड्ड्याच्या मध्ये उभे.

"काका, बाजूला व्हा."

"नाय."

पुतण्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला. पोरगा वाईट नव्हता. त्याने पश्चिमेकडे पाहिलं. त्याच घरातला तो. "काका, भरती हाय. भरतीत शब्द देत नाय तुमी. उगा काय बोलून बसाल. घरी जा, सुकतीला बोलू."

दादूसचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि म्हणाले, "हाय भरती. तरी सांगतो. बुजवू नको."

पुतण्या काकाकडे बघतच राहिला. मग डंपरवर चढला आणि भरलेली गाडी परत घेऊन गेला.

मला तो विजय वाटला. मी त्यांचा हात धरला, मुलीसारखी नाचलेच असते. दादूस मात्र पांढरे पडले होते. "बाय, तोंड उघडलं मी," ते म्हणाले, "भरतीत."

त्यानंतर ते मला पुन्हा नीट दिसले नाहीत. काम थांबलं ते तात्पुरतं. चेअरमनसाहेबांनी पावसाळ्यानंतर बघू म्हटलं. पण दादूसना तेही पुरत नव्हतं. जो भेटेल त्याला सांगायचे, "थांबवला खरा. पन भरतीत थांबवला. त्याला किंमत नाय." जेवण तुटलं. अत्तर लावेनासे झाले. सी विंगखाली जायचे बंद झाले, कारण म्हणे आता फळी पडत नव्हती. दार उघडंच राहिलं होतं. वयनी, म्हणजे त्यांची बायको, करंजा गावची. बंदरावर वाढलेली कणखर बाई. त्या मला म्हणाल्या, "उशी कानावर घेऊन बसतात. पानी आत येतंय बोलतात."

श्रावण लागायच्या आत दादूस गेले. तापाचं निमित्त झालं. मला त्यांची आठवण येते म्हणणं अपुरं आहे. कराडच्या माझ्या सख्ख्या काकांसाठी मी इतकी रडले नाही.

दहाव्याचं पिंडदान वयनींनी नदीवर करायला ठाम नकार दिला. खड्ड्याच्या काठावर करायचं, म्हणाल्या. भटजी कुरकुरले, चेअरमनसाहेबांनी परवानगी दिली आणि स्वतः पांढरे कपडे घालून आले. मुरुमाची ती एक खेप पाण्यात तशीच पडून होती. तिच्या शेजारी सपाट जागा सारवून केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला. पुतण्याने डोक्यावरचे केस उतरवले होते. आम्ही सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळे होते. गच्चीच्या कठड्यावर ओळीने बसले होते. एकही खाली येईना.

मागे काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, हे मी काय सांगायचं! पुतण्या पुढे झाला, नातीला सांभाळीन म्हणाला, वयनींना अंतर देणार नाही म्हणाला. कावळे हलले नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं काय राहिलं होतं. हळूहळू माना चेअरमनसाहेबांकडे वळल्या.

ते लाल झाले. मग पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "दादूस, खड्डा बुजवणार नाही."

काहीच झालं नाही. एका कावळ्याने पंख झटकले, इतकंच. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले.

"आता नको, साहेब," वयनी म्हणाल्या. सकाळपासून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "आता भरती हाय. आता बोललेलं त्ये धरनार नाय."

कुणीही हसलं नाही. भटजींना पुढे दुसरं काम होतं, तेही खाली बसले. अमावास्येचा दिवस, ऊन-सावलीचा खेळ, पाऊस कुठेतरी डोंगराकडे. आम्ही बसून राहिलो. आणि मग मी पाहिलं की खड्ड्यातलं पाणी वर येत होतं. पाऊस नव्हता, गटार वाहत नव्हतं. मुरुमाचा ढीग कडेकडेने भिजत गेला, खारफुटीच्या मुळ्या एकेक करून बुडाल्या. पाणी कसलाही आवाज न करता आमच्या दिशेने चढत होतं. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझ्याच नकाशात तो पाइप बुजलेला होता.

पाणी पिंडाच्या पानापाशी आलं, पानाखाली शिरलं, पान किंचित उचललं गेलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ ते जागच्या जागी डुलत राहिलं. मग वयनींनी पश्चिमेकडे पाहिलं आणि मान हलवली. सुकती लागली होती.

चेअरमनसाहेब उठले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत, सभेत उभे राहत तसे ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "सोसायटीच्या वतीने मी सांगतो. ही जागा बुजवली जाणार नाही. मी असेपर्यंत नाही, आणि माझ्या मागेही नाही, असं लिहून ठेवीन."

पान हललं. वारा आमच्या तोंडावर येत होता, पान उलट दिशेने, रस्त्याकडे निघालं. मुरुमाच्या ढिगाला वळसा घालून, खारफुटीच्या मधून, सावकाश. रस्त्याच्या भिंतीखाली पाइपाचं काळं तोंड आता थोडं उघडं पडलं होतं. पान तिथे जरा अडकलं, फिरलं, आणि भातासकट आत गेलं.

गच्चीवरचे कावळे उडून गेले. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेल्या वयनी तेव्हा काठावर फतकल मारून बसल्या आणि मोकळा गळा काढून रडल्या.